काळे हातमशीन आणि वीतभर कपडे: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेली दोन वर्षे मी माझ्या मुलीचे घरात घालायचे बहुतेक सर्व कपडे घरातल्याच जुन्या कापडातून, एका जुन्या काळ्या हातमशीनवर शिवत आले आहे. ओतीव लोखंडाचे, सोनेरी नक्षी काढलेले, उजवीकडच्या चाकाला मूठ बसवलेले आणि लाकडी पाटावर उभे राहणारे हे शिवणयंत्र एकाच आराखड्यावर अनेक कंपन्यांनी बनवले असून लुधियानात तयार होणारी अशी मशीने आजही नवी मिळतात. म्हणून कंपनीचे नाव न घेता या जातीच्या मशीनविषयी, आणि तेही केवळ लहान मुलांच्या कपड्यांपुरते, लिहीत आहे. ब्लाऊज किंवा पंजाबी ड्रेस शिवणाऱ्यांच्या गरजा निराळ्या असतात आणि त्यांना यातले बरेचसे लागू पडणार नाही.

सुरुवातीला माझ्याकडे हातमशीन नव्हते. बाळंतपणाच्या रजेत नणंदेने तिचे विजेवर चालणारे, झिगझॅगसकट अनेक तऱ्हांचे टाके घालणारे मशीन मला वापरायला दिले होते. सासूबाईंच्या जुन्या पातळातून झबली बेतली आणि पहिली शिवायला घेतली, तर दोन टाके पडतात न पडतात तोच कापडाचे टोक सुईबरोबर खाली ओढले जाऊन त्याचा बोळा होऊ लागला. चार वेळा उसवले, सुई बदलली, दोरा बदलला, तरी तेच. कारण नंतर कळले. झिगझॅग टाक्यासाठी सुईला डावीउजवीकडे सरकावे लागते, त्यामुळे कापड दाबून धरणाऱ्या फुटाखालच्या पट्टीतले भोक आडवे आणि लांबट ठेवलेले असते, आणि वर्षानुवर्षे धुऊन विरविरीत झालेले सुती कापड त्या फटीत सहज शिरते. काळे मशीन फक्त सरळ टीप मारते. त्याच्या सुईचे भोक लहान आणि गोल असते, त्यामुळे कापडाला आत शिरायला जागाच मिळत नाही. विजेच्या मशीनलाही सरळ टिपेची वेगळी पट्टी बसवता येते, परंतु नणंदेच्या मशीनसोबत ती आलेली नव्हती. जुन्या मऊ कापडातून तान्ह्या बाळाचे कपडे शिवायचे असतील तर माझ्या मते या मशीनचा सर्वांत मोठा गुण हा गोल भोकाचा आहे, आणि नेमका तोच विकणारा कधी सांगत नाही.

माझे मशीन मी ओळखीच्या एका घरातून २,५०० रुपयांना घेतले आणि साफसफाई, नवी बॉबीन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) आणि सुया यांवर आणखी ९०० रुपये खर्च केले. त्यातले काही पैसे वाया गेले, कारण ज्या दुकानात ते आधी दाखवले तेथे दुसऱ्याच आराखड्याची बॉबीन केस ‘चालून जाईल’ म्हणून बसवून दिली गेली आणि घरी आल्यावर टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे नुसते फासे पडू लागले. दुसऱ्या कारागिराने ती पाहताक्षणी काढून टाकली. जुने मशीन घेताना मूठ अगदी सावकाश फिरवून सुई भोकाच्या बरोबर मध्यावर उतरते का, हे आधी पाहावे. मग मशीन मागे कलंडवून पोटातला गंज पाहावा, आणि बॉबीन केस मूळची आहे की नंतर बसवलेली, हे विचारून घ्यावे. वरची नक्षी कितीही झिजलेली असली तरी तिने काही बिघडत नाही. तेल मात्र शिवणयंत्राचेच, पातळ आणि रंगहीन घालावे. माझ्या मशीनच्या आधीच्या मालकीणबाईंनी वर्षानुवर्षे खोबरेल घातलेले होते. ते थंडीत थिजते आणि धूळ धरून चिकट होते, त्यामुळे सांधे मोकळे करायलाच कारागिराचा अर्धा दिवस गेला.

आता वेगाविषयी. मूठ एकदा फिरवली की सुई तीनदा खाली येते, यापलीकडे या मशीनला घाई ठाऊक नाही. मोठ्या माणसाच्या कपड्याला हा दोष ठरेल, पण सहा महिन्यांच्या बाळाच्या झबल्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, सात-आठ इंचांचा असतो. इंचाला दहा ते बारा टाके धरले तर तो पंचवीस-तीस फेऱ्यांत पुरा होतो. एवढ्याशा वळणावर पायाने चालवायचे विजेचे मशीन जरा जास्त दाबले गेले की टीप कापडाबाहेर जाते. येथे मला एकेक टाका घालता येतो, हवे तेथे सुई कापडात रुतवून थांबता येते आणि फूट उचलून कापड वळवता येते. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावताना तर हा संथपणा फार उपयोगी पडतो, कारण पट्टी किंचित ताणत आणि कापड न ताणता शिवायचे असते, आणि ते घाईघाईत कधीच साधत नाही.

गळ्याचा विषय निघाला आहे म्हणून कापणीची एक गोष्ट येथेच सांगते, कारण ती चुकली तर मशीन कितीही चांगले असून उपयोग नाही. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर छातीच्या घेराहून साधारण दोन सेंटिमीटरने जास्त असतो आणि वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखे होतात. मोठ्यांचा नमुना लहान करून बेतलेला गळा त्यामुळे बाळाच्या अंगाला बरोबर बसतो आणि डोक्यातून मात्र उतरत नाही. जुन्या पद्धतीची झबली पूर्ण उघडी आणि बंदांची का असत, हे मला दोन गळे वाया घालवल्यावर उमगले. कुंचीच्या बाबतीत मात्र मी जुनी पद्धत सोडली आहे. हनुवटीखाली बांधायची नाडी गळ्याशी आवळली जाऊ शकते. युरोपातील सुरक्षा मानकानुसार तर सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी किंवा गळ्यापाशी नाडी लावताच येत नाही. मी नाडीऐवजी रुंद पट्टी आणि तिला एक टिचबटण घट्ट टाक्यांनी लावते, म्हणजे ओढ बसली की पट्टी आपोआप सुटते.

सुईबद्दल थोडेसे. असे मशीन बहुधा सोळा नंबरची सुई लावूनच हातात येते, आणि ती जुन्या साडीवर वापरली तर टिपेच्या जागी भोकांची रांग दिसते. मलमल, धोतर आणि विरलेल्या साडीला अकरा नंबर, शर्टाच्या पॉपलीनला चौदा आणि जीन्सला सोळा किंवा अठरा, एवढा भेद पाळला की निम्म्या तक्रारी संपतात. सुईची चपटी बाजू चुकीच्या दिशेला बसली तर टाके सुटतात आणि माणूस विनाकारण दोऱ्याचा ताण कमीजास्त करत बसतो. मी स्वतः एक पूर्ण संध्याकाळ अशी घालवली आहे.

जुन्या कापडाचे मोल बाळंतविडा तयार करणाऱ्या घरांना निराळे सांगायला नको. ते आधीच आटून गेलेले असते, त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते आणि त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. परंतु प्रत्येक जुन्या साडीचे प्रत्येक ठिकाण शिवण्याजोगे नसते. बसायची जागा आणि खालच्या काठालगतची पट्टी सर्वांत आधी विरते, तर कमरेशी खोचलेला आतला भाग बराच शाबूत राहतो. मी कापड उजेडासमोर धरून पाहते आणि मग दोन्ही हातांच्या चिमटीत आडवे ओढते. धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग दुपट्याच्या आतल्या थराला जातो, न दिसली तर झबल्याला. अशा कापडावर टीप लहान ठेवण्याचा मोह टाळावा, कारण एकाच रेषेत फार भोके पडली की कापड तेथेच फाटते. इंचाला दहा टाके पुरेसे होतात.

सासऱ्यांच्या जुन्या शर्टातून केलेला फ्रॉक हा माझा आतापर्यंतचा सर्वांत समाधानकारक प्रयोग आहे. शर्ट उलटा धरायचा, म्हणजे पुढची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर येते आणि काजे-बटणे आयती मिळतात. शर्टाची खालची दुमड तशीच ठेवली की फ्रॉकचा घेरही आयता दुमडलेला मिळतो. राहतात ते दोन मुंढे, गळा, खांदे आणि कुशीच्या दोन शिवणी, आणि एवढे काम मुलगी झोपलेली असताना एका दुपारी उरकते. कुशीत दोन्हीकडे बोटभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवली, तर तोच फ्रॉक पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येतो. मी तो एकदा केला असून त्याच फ्रॉकला आता खाली आईच्या इरकलीचा काठ जोडून उंची वाढवली आहे. इरकलीचा काठ जाड आणि शर्टाचे कापड पातळ असल्यामुळे दोन्ही एकत्र शिवताना पातळ कापड खाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या बाजूला ठेवावे लागते, नाहीतर शेवटी एक कापड लांब उरते.

जाड शिवणींवर तर या मशीनने मला चकित केले. जीन्सच्या पायातून डुंगरी बेतली तेव्हा चार पदरी जोडावर नणंदेचे मशीन गुरगुरून थांबले होते, आणि तेच काम यावर मूठ सोडून नुसते चाक हाताने फिरवत एकेक टाका टाकल्यावर पार पडले. ओतीव लोखंडाच्या वजनाचा येथे फायदा होतो. तेच वजन उचलाठेव करताना नको होते, आणि खोली लहान असलेल्या घरात रोज काढून रोज ठेवायचे मशीन हे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण मात्र उजव्या हाताची आहे. तो मुठीवर अडकलेला असतो, त्यामुळे कापड सांभाळायला फक्त डावा हात उरतो. बाही मुंढ्यात बसवताना किंवा चुण्या जोडताना हे फार जाणवते. यावर उपाय एकच, की आधी हाताने कच्चा टाका घालून घ्यावा. टाचण्यांवर विसंबू नये, कारण लहान मुलाच्या घरात खाली पडलेली एक टाचणी शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात धावदोरा घालून होतो. ज्यांना हे हाताचे काम नकोसे वाटते त्यांनी हेच मशीन पायपट्ट्याच्या घोडीवर बसवून घ्यावे. दोन्ही हात मोकळे होतात आणि गोल भोकही तसेच राहते.

होजिअरीच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाच्या, बाबतीत हे मशीन मला पूर्णपणे निरुपयोगी ठरले. नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टांतून मुलीसाठी विजारी शिवाव्यात असा माझा बेत होता. सरळ टाका कापडाबरोबर ताणला जात नाही, म्हणून विजार पहिल्यांदा ओढून चढवताच शिवण तटातट तुटली. टीप बारीक करून, कापड ताणून धरून, निराळा दोरा लावून सर्व प्रकार करून पाहिले, आणि शेवटी ती विजार नणंदेच्या झिगझॅगवर शिवून आणली. सुती विजारींना नेफा करून त्यात इलास्टिक ओवले तर अडचण येत नाही, पण इलास्टिक थेट कापडावर ताणून शिवण्याचा नाद येथे सोडावा. काजे हे मशीन करत नाही. कापलेल्या कडा बांधण्याचीही त्याच्यात सोय नाही, त्यामुळे प्रत्येक शिवण आधी सुलट बाजूने अगदी काठावर मारून, मग उलटवून दुसऱ्यांदा मारावी लागते, म्हणजे धागे आत बंदिस्त होतात. वेळ दुप्पट लागतो, मात्र तान्ह्या बाळाच्या अंगाला टोचणारी एकही कड बाहेर राहत नाही, आणि दुकानातल्या ओव्हरलॉक केलेल्या झबल्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

खणाचे परकर-पोलके मी गेल्या दिवाळीला शिवले. खणाचा काठ आतून खरखरीत लागतो, म्हणून पोलक्याला जुन्या मलमलीचे अस्तर लावले आणि काखेपाशी काठ येऊच दिला नाही. पोलक्याचे सहा काजे मला हाताने करावे लागले. पहिला कसाबसा झाला, सहावा बऱ्यापैकी झाला, आणि मुलीने ते पोलके घालून दिवसभर मिरवले तेव्हा नेमका पहिलाच काजा सुटला.

मुलगी चालू लागल्यापासून एक नवी काळजी निर्माण झाली आहे. वीज लागत नाही याचा अर्थ हे मशीन बंदही करता येत नाही, आणि फिरणारी मूठ दिसली की ती फिरवल्याशिवाय तिला राहवत नाही. दोरा ओवलेला असताना तिने दोनदा मूठ उलटी फिरवून बॉबीनपाशी दोऱ्याचा गुंता केला. सुदैवाने त्या वेळी सुईखाली तिचे बोट नव्हते. तेव्हापासून उठताना मी सुई काढून डबीत ठेवते, फूट खाली टाकते आणि लाकडी झाकणाला कुलूप घालते. जुने मशीन घेणाऱ्यांनी म्हणूनच झाकण आणि त्याची किल्ली दोन्ही मागून घ्यावीत. माझ्या मशीनची मूळ किल्ली हरवलेली होती आणि नवे कुलूप बसवून घ्यायला सुताराला वेगळे पैसे द्यावे लागले.