लाकडी ट्रान्सफॉर्मर: सांध्यांना इलॅस्टिक की खुंटी?

घडी घातली की ठोकळा, उलगडला की रोबो. असं खेळणं लाकडात करायचं तर सगळी मदार सांध्यांवर.

इलॅस्टिकची रीत सोपी. तुकड्यांना आरपार भोकं पाडायची, ताणलेली दोरी ओवायची, टोकाला गाठ. डिझायनर डेव्हिड वीक्स यांचा ‘क्यूबबॉट’, म्हणजे घडी घालून ठोकळा होणारा लाकडी रोबो, असाच चालतो. जपानी कुमिकी, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या लाकडी तुकड्यांच्या कोड्यांवरून सुचलेला. मोजमाप थोडं चुकलं तरी दोरी सांभाळून घेते. कालांतराने ती सैल पडते, पण बदलणं सोपं.

खुंटीला, म्हणजे ज्या गोल लाकडी काडीभोवती सांधा फिरतो तिला, मात्र काटेकोरपणा लागतो. 20 मिमी चौरस पट्टीच्या टोकाशी, कडांपासून 10 मिमी आत, 6 मिमीची खुंटी बसवली, तर पट्टीचा कोपरा खुंटीच्या मध्यापासून 14 मिमीवर येतो. फिरताना तो शेजारच्या तुकड्याला अडतो, म्हणून टोक अर्धगोल घासावंच लागतं. भोक टोकाच्या फार जवळ गेलं की लाकूड रेषेत चिरतं. शिवाय आपल्याकडचा पावसाळा! जानेवारीत सहज फिरणारा हात जुलैत जाम होऊ शकतो. भोक किंचित सैल ठेवा, खुंटीला मेण चोळा. जुनं, मुरलेलं सागवान मिळालं तर उत्तमच, ते कमी फुगतं.

गाडीचा रोबो करायचा असेल तर मी खुंटीच घेईन. तिथे प्रत्येक सांधा ठरलेल्या दिशेनेच वळायला हवा, आणि इलॅस्टिक नेमकं तिथेच दगा देतं. पहिलाच रोबो असेल तर इलॅस्टिकने सुरुवात करा. फक्त भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर दोरी तिथेच कापली जाते.