बारा ब्लाइंड आणि अठ्ठ्यांची जोडी: ऑल-इन की छोटा रेझ?

पोकरची (टेक्सास होल्डेम) टूर्नामेंट. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, ५००-१,०००; मोठी रक्कम भरणाऱ्याने, म्हणजे बिग ब्लाइंडने, सगळ्यांच्या वतीने भरलेला अँटे (डावाची वर्गणी) १,०००. तुमच्यापुढे १२,००० चिप्स, म्हणजे बारा मोठे ब्लाइंड, हातात दोन अठ्ठ्या, आणि तुमच्याआधी सगळ्यांनी पत्ते टाकलेत, म्हणजे डाव सोडलाय. इथे बरेच जण २,२०० चा रेझ करतात, म्हणजे बोली तेवढ्यावर नेतात. फ्लॉप (टेबलावर उघडली जाणारी पहिली तीन सामायिक पानं) बघू, मग ठरवू, असा हिशोब. मीही बराच काळ तसंच खेळलो. आता खेळत नाही.

छोट्या रेझनंतर बिग ब्लाइंडला आणखी १,२०० टाकायचे असतात आणि समोर ४,७०० पडलेले असतात. एवढ्या स्वस्तात तो जवळजवळ कुठलेही पत्ते घेऊन येतो. फ्लॉपला पॉट (मधे जमलेली रक्कम) ५,९०० चा, तुमच्याकडे उरले ९,८००. आठाहून मोठं निदान एक पान फ्लॉपवर पडण्याची शक्यता ८७ टक्के! राजा, नव्वी, चौकी पडली आणि त्याने बेट लावली, की तुम्ही पुढे असूनही पत्ते टाकून मोकळे होता.

ऑल-इनमध्ये, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलल्या तर, हा प्रश्नच उरत नाही. सगळे हटले तर २,५०० मिळतात, म्हणजे स्टॅक (तुमच्याकडच्या एकूण चिप्स) एका डावात पाचव्या हिश्शाने वाढतो. कोणी एक्का-राजा घेऊन आलं, तरी टेबलावरची पाचही पानं तुम्हाला बघायला मिळतात आणि अठ्ठ्या साधारण ५५-४५ ने पुढे असतात. भीती मोठ्या जोडीची. तिच्यापुढे पाचात एखादाच डाव हाती लागतो. पण बटणवर (जिथे तुमच्यामागे फक्त दोन ब्लाइंडवाले बोलायचे उरतात) असाल तर मागच्या दोघांपैकी कुणाकडे ती असण्याची शक्यता फक्त ६ टक्के. नऊ जणांच्या टेबलावर पहिले बोलणारे असाल, तर मात्र २१ टक्क्यांच्या आसपास. बारा ब्लाइंडवर मी तिथूनही अठ्ठ्या ढकलतो, सत्त्या कधीकधी टाकतो.

स्टॅक वीस ब्लाइंडचा असेल तर छोटा रेझ चांगला, विशेषतः दश्शांवर: मागून कोणी ऑल-इन केलं तर कॉल करायचं (तेवढीच रक्कम भरून सामना करायचा) हे आधीच ठरवून.

बारा ब्लाइंडवर आधीच कोणीतरी २,२०० चा रेझ केला असेल, तर ‘सेट लागतो का बघू’ म्हणून नुसता कॉल करणं सर्वांत वाईट. फ्लॉपला सेट (तुमच्या जोडीचंच तिसरं पान) साधारण साडेआठात एकदा लागतो. एका यशामागे साडेसात वेळा २,२०० गेले, म्हणजे १६,५००. सेट लागल्यावर समोरच्याचे ९,८०० दरवेळी मिळाले असं धरलं, तरी त्याचा रेझ आणि ब्लाइंड-अँटे मिळून कमाई १४,५००. रेझ बटणवरून आला असेल तर ऑल-इन करा, कारण तिथून लोक हलक्या पत्त्यांवरही रेझ करतात. पहिल्या जागेवरच्या सावध खेळाडूचा असेल तर दश्शा ढकला, सत्त्या टाका.

बक्षिसांच्या सीमेवर, बबलला, ढकलणं आणि कॉल करणं यांतला फरक आणखी वाढतो. ढकलणाऱ्याला समोरचा पत्ते टाकेल हा आधार असतो. कॉल करणाऱ्याला तो नसतो, आणि बाहेर पडण्याची किंमत तिथे फार मोठी असते. म्हणून ज्या अठ्ठ्या मी बबलला आनंदाने ढकलतो, त्याच मोठ्या स्टॅकवाल्याच्या ऑल-इनपुढे पुष्कळदा टाकतो. सॅटेलाइटमध्ये (जिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची तिकिटं मिळतात) दहा तिकिटं, अकरा खेळाडू उरलेत आणि तुमच्याहून लहान स्टॅक दोघांकडे आहेत, अशा वेळी तर न ढकलता, न कॉल करता, दश्शासुद्धा गुपचूप टाकून द्या.