मातीचं धरण की कोल्हापुरी बंधारा: ग्रामसभेत हात वर करण्याआधी

मातीचं धरण पावसाळ्याचं पाणी पोटात घेऊन उन्हाळ्यापर्यंत नेतं. कोल्हापुरी बंधारा ऐन पावसाळ्यात उघडाच असतो. पूर ओसरल्यावर खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवून पात्रातच पाणी अडवायचं. त्यामुळे ऑक्टोबरात ज्या ओढ्याला धार राहत नाही, तिथे बंधारा कोरडाच उभा राहील.

धरणात शेतं बुडतात, पण कालव्याचं पाणी उताराने येतं. बंधाऱ्यात बुडीत फारसं नाही. पाणी मात्र मोटारीने उचलावं लागतं, वीजबिल ज्याचं त्याला.

खरा फरक धोक्याचा आहे. काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचं कवच, पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर (पिचिंग) अशा धरणाच्या भरावाला माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हा काम अपुरं होतं आणि पाणी चढत होतं. भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचली, तरी धरण वाचलं नाही. त्या लोंढ्यापुढे खालची खडकवासल्याची दगडी भिंतही टिकली नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

भरावाच्या पायथ्याशी थोडा पाझर असतोच. तो नितळ आणि नेहमीइतका असेल तर घाबरू नका. गढूळ झाला किंवा अचानक वाढला, तर आतली माती वाहून चालली आहे. सकाळची वाट पाहू नका, लगेच कळवा आणि खालच्या वस्तीला हलवा. भरावावर बाभळी वाढू देऊ नका, घुशींची बिळं बुजवा. आणि जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर, पोती रचणं हा जिवाशी खेळ आहे.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. पण तो मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. गावचा छोटा तलाव बहुधा त्याच्या बाहेरच राहतो.

बंधाऱ्यालाही राखण लागतेच. बर्गे चोरीला जातात, आणि पावसाआधी काढले नाहीत तर पूर बगलेने काठ फोडून शेजारचं शेत खरवडून नेतो.

माझं मत: ऑक्टोबरात धार असेल तर बंधारा घ्या. नसेल तर मातीचं धरण. पण पावसाळाभर भरावावर रोज फेरी कोण मारणार, त्याचं नाव त्याच ठरावात लिहून घ्या.