ऑक्टोबरातलं औली आणि गंगापूर रोडवरचं टूरवाल्यांचं ऑफिस

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे छाटणी. दिंडोरी तालुक्यात साडेचार एकर द्राक्षं आहेत. लोक फिरायला निघतात तेव्हा मी बागेत पेस्टिंगच्या, म्हणजे छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषध लावणाऱ्या, मजुरांमागे असतो. 2024 ला मात्र छाटणी 25 ऑक्टोबरला धरली होती आणि दसरा 12 लाच आला. मधले दिवस मोकळे. ही म्हणाली, बर्फाचे डोंगर बघायचेत, पण बर्फात उभं राहायचं नाही, गुडघे ऐकत नाहीत. म्हणून उत्तराखंडातलं स्कीइंगचं ठिकाण औली, आणि तेही बर्फ पडायच्या आधी. सोबत माझी बहीण आक्का.

बुकिंग गंगापूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसातून केलं. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ऑफिसातल्या ताई मनाने वाईट नाहीत.

आधी चांगलं सांगतो. मालाला उठाव नसला की भाव कुठे येतो, हे द्राक्षवाल्याला शिकवावं लागत नाही. ताईंनी खोलीचा दर सांगितला 4,500. म्हटलं, ताई, जानेवारीत स्कीवाले रांग लावतील तेव्हा घ्या एवढे, ऑक्टोबरात तिथे गवतावर घसरायला कोण येतंय? त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर हॉटेलला फोन लावला आणि 2,600 ला नाश्त्यासकट जमवलं. मधलं कमिशन लपवणारा माणूस स्पीकरवर बोलत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. औलीचा ऑफ-सीझन असला तरी रस्त्याचा नसतो. बद्रीनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, नोव्हेंबरात बंद होतात (त्या वर्षी 17 तारखेला झाले), तोवर यात्रेच्या सगळ्या गाड्या त्याच रस्त्याने. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण 250 किलोमीटर, पण घाटाचे. "काका, पहाटे पाचला निघा, नाहीतर अंधार होईल." बद्रीनाथला जायचं तर यात्रेची नोंदणी लागते, तीही आमची तिघांची त्यांनीच करून दिली. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथीचा संगम बघायला थांबलो, तरी उजेडात पोहोचलो.

आता तक्रार. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं, 'दिवस 4 : जोशीमठ ते औली रोपवे, स्कीइंगचा अनुभव.' स्कीइंगवर मी ऑफिसातच हसलो. रोपवेवर मात्र विश्वास ठेवला. चार किलोमीटरचा रोपवे, खाली देवदाराचं जंगल! हिने अख्ख्या भिशीत सांगून ठेवलं होतं. जोशीमठात ड्रायव्हरला विचारलं, स्टेशन कुठे? तो म्हणाला, "बाबूजी, वो तो कब से बंद है." जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हापासून रोपवे बंद. म्हणजे आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेदोन वर्षं होत आली होती, आणि आमच्या पॅकेजमध्ये तीन तिकिटं धरलेली. मी तिथूनच फोन लावला. ताई म्हणाल्या, "काका, ते जुनं फॉरमॅट राहिलं." बोलता बोलता ड्रायव्हरने राहायला धोक्याचं म्हणून लाल फुली मारलेलं एक घर दाखवलं. मग माझाच आवाज जरा खाली आला. पण पैसे परत मागितलेच. तीन आठवड्यांनी आणि दोन आठवणींनंतर मिळाले.

शेवटचे चौदाएक किलोमीटर त्याच गाडीने चढलो.

औलीबद्दल मात्र टूरवाल्यांपेक्षा मीच चांगलं सांगू शकेन. स्कीचा उतार ऑक्टोबरात तांबूस-पिवळ्या गवताचा असतो. चेअरलिफ्टचे खांब बघून आक्का म्हणाली, "तारा न ओढलेला मांडव दिसतोय रे." अगदी तसंच, द्राक्षबागेतल्या मांडवाचे लोखंडी अँगल उभे राहावेत तसे. वर एक तळं आहे, ते देखाव्यासाठी नाही, कृत्रिम बर्फ करायला पाणी लागतं म्हणून बांधलेलं. आणि या सगळ्याच्या मागे नंदादेवी, 7,816 मीटर. सकाळी सहाला खिडकीचा पडदा सरकवला तेव्हा नुसता शेंडा केशरी झाला होता. आम्ही होतो त्या दिवसांत सकाळी एकदाही ढग आला नाही. गोरसोनच्या कुरणापर्यंत मी चालत गेलो, त्या दोघी खेचरावर. मी पाठीमागून धापा टाकत, आणि हिचं वरून चाललेलं, "या हळूहळू."

हॉटेलचं काय सांगू. दोन डझन खोल्या, त्यात आम्ही धरून तीन भरलेल्या. अर्धे कामगार गावी. मेनूकार्डात चाळीस पदार्थ आणि मिळणार दाल, रोटी, बटाटा. दुसऱ्या दिवसापासून मेनूकार्ड मागायचं सोडलं आणि कोंडाजीचा चिवडा काढला. गरम पाणी सहा ते आठ, आठ वाजून पाच मिनिटांनी गेलात तर नशीब तुमचं. रजया मात्र दोन-दोन दिल्या आणि दोन्ही लागल्या.

पोहोचलो ती संध्याकाळ 16 तारखेची, म्हणजे कोजागिरी. हिने दुधाचा मसाला नाशिकहूनच बांधून आणला होता. स्वयंपाक्याला दूध आटवायला सांगितलं, तर त्याला वाटलं कुणी आजारी आहे. चंद्र डोंगराआडून उशिरा वर आला, पण आला तेव्हा समोरचा बर्फ असा उजळला की आक्काने ग्लास कठड्यावर ठेवला आणि विसरून गेली. दूध गार झालं. दुसरं मागितलं, त्याचे साठ रुपये लावले.

टूरवाल्यांना पाचपैकी साडेतीन. अर्धा फॉरमॅटचा कापला, एक पैशाच्या उशिराचा. जाणार असाल तर हॉटेलचा फोन स्पीकरवर लावायला लावा आणि कार्यक्रमातल्या प्रत्येक ओळीपुढे 'सध्या चालू' असं त्यांच्याकडून लिहून घ्या.

डिसेंबरात ताईंचा फोन आला, काका, जानेवारीचं स्नो पॅकेज आहे, जुन्या ग्राहकांना सवलत. म्हटलं, जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, व्यापारी बांधावर येतो, तेव्हा कुठं जाऊ? दसऱ्यानंतरचं काही असेल तर सांगा. आणि रोपवे सुरू झाला की आधी हिला कळवा, भिशीत अजून विचारतात.