रिकामी खाट: तोटा की तयारी?

कॉर्पोरेट रुग्णालयाच्या ताळेबंदात रिकामी खाट म्हणजे तोटा. त्यामुळे खाटा भरलेल्या, मास्क-औषधांचा साठा लागेल तेवढाच, नर्सेस मोजक्या. एरवी हे शहाणपणच. गुडघा बदलायचा झाला तर मीही तिथेच जाईन.

साथीत मात्र हे गणित फिरतं. मुंबईत चिंचपोकळीचं महापालिकेचं कस्तुरबा रुग्णालय बघा, संसर्गजन्य रोगांसाठीच राखलेलं. १८९६ च्या प्लेगमध्ये हेच आर्थर रोड रुग्णालय. चिडलेल्या गिरणी कामगारांनी त्यावर हल्लाही केला होता. नफ्याच्या हिशोबात असली जागा केव्हाच विकली गेली असती. पण मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले, तपासणीची प्रयोगशाळाही तिथेच होती.

खासगीकडे चांगले आयसीयू होते, नाकारत नाही. पण मे २०२० मध्ये सरकारला त्यांच्या ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन दर बांधून द्यावे लागले: विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००. पीपीई किट त्यात धरलेलं नव्हतं. मग काय, बिलात त्याची वेगळी ओळ!

पालिकेकडे बिल नव्हतं, आयसीयूच्या खाटाही पुरेशा नव्हत्या.