मधल्या खोलीचा उजेड: आडवी काच की उभी?

दोन्ही बाजूंना समाईक भिंती असलेलं लहान घर उजळ आणि मोकळं करायचं म्हटलं की अडतं ते मधल्या खोलीपाशी. पुढच्या-मागच्या खोल्यांचं फिकट रंग दिला, माळा काढला, गव्हाच्या कोठ्या जिन्याखाली नेल्या की बरंच भागतं. मधली खोली मात्र भर दुपारी ट्यूबलाइट मागते. धाब्याच्या घरांना वरून उजेड यायला साणं असायचं, स्लॅब आला आणि ते गेलं. आता स्लॅब कापूनच उजेड आणायचा, तर त्या भोकावर एक तर आडवी काच बसवा, नाहीतर दोन-अडीच फुटांची पेटी बांधून तिच्या फक्त उत्तरेच्या अंगाला उभी काच लावा. भुसावळला ताईकडे आडवी आहे. जळगावला आम्ही उभी केली.

आडव्या काचेचा उजेड भरघोस, यात वाद नाही. काम लवकर उरकतं, खर्चही कमी. थंडीत ताई त्या उन्हात गहू निवडत बसते, तेव्हा ती खोली घरातली सगळ्यात छान जागा असते. छतात आभाळ दिसतं म्हणून खोली उंचही वाटते.

पण आपल्याकडचा उन्हाळा! जळगाव-भुसावळ साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. पारा 44-45 ला टेकलेला असतो तेच हे दिवस. दुपारी जेवण झालं की सगळं घर आडवं होतं ते याच मधल्या खोलीत, कारण एरवी तीच थंड. आणि उन्हाचा चौकोन पडतो नेमका तिथेच. दाजी पथारी सरकवतात, चौकोन त्यांच्या मागे सरकतो. फरशी इतकी तापते की ऊन पुढे गेल्यावरही तिथे पाठ टेकवत नाही. शेवटी मार्च संपता संपता काचेवर गोणपाट पडतं, त्यावर विटा. वाऱ्याने ते उडालं की रणरणत्या गच्चीवर कुणीतरी चढायचं. पाऊस येईपर्यंत खाली पुन्हा ट्यूबलाइट. ज्यासाठी स्लॅब कापला तो उजेड वर्षातले तीनेक महिने गोणपाटाखाली! माझा निर्णय तिथेच झाला.

उभ्या काचेचा उजेड मऊ असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कदाचित कमीच वाटेल, पण सकाळी दहा ते दुपारी चार आम्हाला दिवा लागत नाही आणि काच झाकावीही लागत नाही. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि तसाच उत्तरेकडे मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येतं. ते वरच्या छज्ज्याने अडत नाही. त्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या बांधून घ्या. काचेच्या वर जाळीची झडप ठेवली तर संध्याकाळी कोंडलेली गरम हवा तिथून निघून जाते. धूळही आडव्या काचेइतकी साचत नाही. खर्च जास्त येतो हे खरं, आणि पेटी जिथे स्लॅबला मिळते तो सांधा मिस्त्रीकडून उभं राहून करून घ्यावा लागतो.

शेजारी उत्तरेला मजला चढवणार असतील तर मात्र माझं ऐकू नका, तिथे आडवीच बरी. ती लावलीत तर काच लॅमिनेटेड घ्या. नुसती टफन्ड फुटली तर तिचा चुरा थेट खाली येतो. तुम्हीच वर मजला चढवणार असाल तर दोन्ही विसरा. मग पुढच्या किंवा मागच्या खोलीकडची भिंत साडेचार इंची असेल तर ती पाडता येईल का, ते इंजिनीअरला दाखवून ठरवा. स्लॅब कापण्याआधीही त्यांना बोलवाच, सळया आणि बीम पाहिल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

पेटी केलीत तर तिच्या आतल्या, काचेसमोरच्या भिंतीला पांढराशुभ्र रंग द्या. क्रीम नको, पिस्ता नको. उत्तरेचा उजेड आधी त्या भिंतीवर पडतो आणि तिच्यावरूनच खाली खोलीत येतो.