अतिदक्षता विभागातील डायलिसिस सेवा, रत्नागिरी : एका नातेवाइकाचा अभिप्राय

भातलावणी संपून आठवडा झाला आणि काकांना ताप भरला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकू लागल्या व लघवी जवळजवळ बंद झाली. निदान लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) होते. तालुक्याच्या रुग्णालयात तातडीने जांघेतील शिरेत डायलिसिसचा कॅथेटर, म्हणजे रक्त मशीनकडे नेण्या-आणण्याची नळी, घातला गेला. निकड पाहता जागेची निवड चूक नव्हती, पण मानेसाठी असतो तो आखूड कॅथेटरच तिथे वापरला होता. जांघेतून मोठ्या शिरेपर्यंत पोहोचायला किमान 20 सेंटिमीटर लांबी लागते, हे आम्हाला नंतर कळले. मिनिटाला 150 मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त खेचले जाईना आणि काकांनी पाय जरा हलवला की मशीनचा अलार्म वाजे.

दुसऱ्या दिवशी त्यांना रत्नागिरीतील एका खाजगी रुग्णालयात हलवले. हा अभिप्राय मुख्यतः तेथील सेवेबद्दल आहे.

प्लेटलेट्स फार खाली आल्या असल्याने अंदाजाने सुई टोचणे धोक्याचे होते. निर्जंतुक कापड अंथरण्यापूर्वी नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ) डॉक्टरांनी काकांच्या मानेवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि मला पडद्यावर दाखवले, की दाबल्यावर चपटी होते ती शीर आणि दाबले तरी धडधडत राहते ती धमनी. उजव्या बाजूने हृदयाकडचा मार्ग सरळ असतो, म्हणून तीच बाजू निवडली. गळपट्टीच्या हाडाखालची शीर का नको, असे मी विचारले. तिथे रक्तस्राव झाल्यास बाहेरून दाबता येत नाही, शिवाय ती शीर पुढे अरुंद झाली तर त्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शीर व धमनीची जोडणी) करणे कठीण होते, असे त्यांनी घाईत असतानाही शांतपणे सांगितले. मानेतील कॅथेटरवर मिनिटाला 250 मिलिलिटरचा प्रवाह पहिल्याच बैठकीत मिळाला.

त्याहून मोलाची वाटली ती नंतरची निगा. नळी जोडताना सिस्टर स्वतः मास्क लावत आणि काकांनाही लावत, टोपणे काढण्याआधी जंतुनाशकाने घासत, आणि नळीत भरून ठेवलेले, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन प्रत्येक वेळी आधी ओढून टाकत. सलाईन किंवा अँटिबायोटिकसाठी त्या नळीला कोणी हात लावला नाही.

तक्रार एकच आहे. संमतिपत्र फक्त इंग्रजीत होते आणि काकूंनी ते न वाचताच सही केली. शेतकरी रुग्ण येणाऱ्या ठिकाणी ते मराठीत असलेच पाहिजे.

सहाव्या बैठकीनंतर लघवी दिवसाला लिटरभर होऊ लागली, तेव्हा ‘असू द्या दोन दिवस’ असे न म्हणता डॉक्टरांनी त्याच दुपारी काकांना आडवे झोपवून, श्वास रोखायला सांगून कॅथेटर काढला.